पावसाळ्यातील वाचन: जुन्या किशोर-कादंबऱ्या मुलांना मोठ्याने कशा वाचून दाखवाव्यात

जून उजाडला की कोकणातल्या होड्या पुळणीवर ओढून घेतल्या जातात, त्यांच्यावर झापांचे किंवा ताडपत्रीचे आच्छादन चढते आणि १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी सुरू होते. एरवी पहाटे समुद्रावर जाणारी माणसे या काळात घरी असतात, मुलांना संध्याकाळी अंगणात खेळता येत नाही, आणि दिवेलागणीला वीज गेली तर ती रात्री कितीला येईल याचा भरवसा नसतो. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर मी गेली काही वर्षे याच दोन महिन्यांत आठ ते चौदा वयाच्या मुलांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. ज्या पालकांना, आजी-आजोबांना, शिक्षकांना किंवा गावच्या वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना असे काही सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

ही पुस्तके मुलांच्या हाती देऊन 'वाच' म्हणण्याऐवजी मोठ्याने का वाचावीत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर या पुस्तकांच्या जन्मकथेतच आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमर या गावी पावसापाण्यामुळे घरात अडकून पडलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने आपल्या सावत्र मुलाच्या संगतीत एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवला, आणि त्या नकाशावरून पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे लिहिली. लिहिलेला भाग तो घरच्या मंडळींना वाचून दाखवत असे. त्याचे वडील दीपगृहे बांधणारे अभियंते होते. तेही त्या गोष्टीत इतके रमले की कथेतल्या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावे याची यादी त्यांनी स्वतः करून दिली. हीच कादंबरी पुढे एका मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली आणि १८८३ मध्ये 'ट्रेझर आयलंड' या नावाने पुस्तकरूपात आली. कार्लो कोलोदीचा 'पिनोकिओ' हाही १८८१ ते १८८३ या काळात मुलांच्या नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने आला. लेखकाने पंधराव्या प्रकरणात लाकडी बाहुल्याला झाडाला लटकवून गोष्ट संपवली होती, पण वाचकांना ते मान्य झाले नाही आणि त्याला पुढची एकवीस प्रकरणे लिहावी लागली. ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' १८७२ मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात रोजच्या रोज छापली जात होती. म्हणजे ही पुस्तके मुळातच 'उद्या काय होणार' या उत्सुकतेवर बेतलेली आहेत. एकट्याने सलग वाचताना जो भाग मुलांना रेंगाळलेला वाटतो, तोच रात्री थोडा थोडा ऐकताना अगदी योग्य लांबीचा वाटतो.

पहिले पुस्तक कोणते घ्यावे

पहिल्या पुस्तकाची निवड चुकली तर दुसऱ्या आठवड्यात ओटीवर फक्त वाचणारा उरतो. अनेक जण कालक्रम पाळायचा म्हणून डॅनिएल डिफोच्या १७१९ सालच्या 'रॉबिन्सन क्रूसो'पासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते ती हमखास फसते. मूळ पुस्तकात प्रकरणेच नाहीत, सुरुवातीला वडिलांचा लांबलचक उपदेश आहे, आणि नायक त्या प्रसिद्ध बेटावर पोहोचेपर्यंत ऐकणाऱ्यांचा धीर सुटलेला असतो. मुले दहा वर्षांच्या पुढची असतील तर 'ट्रेझर आयलंड' घ्यावे. त्यात ३४ आटोपशीर प्रकरणे आहेत, सांगणारा मुलगा स्वतःच त्या धामधुमीत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरण अशा जागी थांबते की मुले पुस्तक मिटू देत नाहीत. शिवाय किनाऱ्यावरच्या मुलांसाठी त्यात एक खास जागा आहे. लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा आचारी दहाव्या प्रकरणात आपल्या पोपटाचे कौतुक करताना त्याने मादागास्कर पाहिले, मलबार पाहिले असे सांगतो, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजावर चाचे चढले तेव्हाही हा पोपट तिथे होता, अशी पुस्ती जोडतो. गोव्याचे नाव आले की वाचन थांबवावे आणि मुलांना बोलू द्यावे. इतका वेळ लांबचा वाटणारा समुद्र तिथे एकदम आपला होतो.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी 'पिनोकिओ' किंवा योहाना स्पायरीची 'हायडी' (१८८०-८१) बरी. 'हायडी'त समुद्र नाही, आल्प्सचे डोंगर आणि शेळ्या आहेत. पण डोंगरावरची मुलगी फ्रँकफर्टसारख्या शहरात नेली जाते, घराच्या ओढीने झोपेत चालू लागते आणि गावच्या आंधळ्या आजीसाठी कपाटात मऊ पाव साठवून ठेवते, हा भाग ज्या गावातल्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईला असते तिथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी असतात तेव्हा याच पुस्तकाची काही प्रकरणे वाचून पाहावीत. गावची मुले आणि मुंबईची मुले त्यावरून जे भांडतात, ते ऐकण्यासारखे असते.

आवृत्ती पारखून घेणे

पुस्तक ठरले तरी ते कोणते घ्यायचे हा प्रश्न उरतोच, कारण एकाच नावाखाली साठ पानांची रंगीत पुस्तिका आणि तीनशे पानांचा पूर्ण अनुवाद दोन्ही विकले जातात. मुखपृष्ठावर न जाता आतले पान उघडावे. अनुवादकाचे नाव छापलेले आहे का, 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असा उल्लेख आहे का, आणि प्रकरणांची संख्या मुळाशी जुळते का, एवढे पाहावे. 'ट्रेझर आयलंड'ची ३४, 'पिनोकिओ'ची ३६, 'ऐंशी दिवसां'ची ३७, मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'ची ३५ आणि 'लिटल विमेन'च्या दोन्ही भागांची मिळून ४७ प्रकरणे आहेत. त्यानंतर मधले कोणतेही पान उभ्याउभ्या मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य मराठी कानाला अडखळले, दर दोन ओळींनी श्वास तुटला, तर तो अनुवाद मनात वाचायला चालेल, पण चाळीस मिनिटे ऐकवायला चालणार नाही. संक्षिप्त आवृत्त्यांचा माझा राग जुना आहे. त्यांत घटना उरतात, पण त्या घटनांची वाट पाहायला लावणारे सगळे गाळले जाते.

मराठीत चांगले पर्याय आहेत. शांता शेळके यांनी लुइझा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन'चा केलेला 'चौघीजणी' हा अनुवाद मोठ्याने वाचण्यासाठी जणू लिहिलेला आहे. त्यातले संवाद घरातल्या बायकांच्या तोंडी सहज बसतात. मूळ कादंबरी १८६८-६९ ची, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली. वडील दूर आहेत आणि चार बहिणी आईबरोबर सण साजरा करत आहेत, इथून ती सुरू होते. ज्या मुलांचे वडील बोटीवर किंवा आखातात आहेत, ती मुले या पहिल्याच प्रकरणात फार गप्प होऊन ऐकतात, हे वाचणाऱ्याने आधी ध्यानात ठेवावे. 'हे मुलींचे पुस्तक' म्हणून मुलगे कुरकुर करतात. त्यांना उठून जाण्याची मोकळीक द्यावी. माझ्याकडचे मुलगे पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून सगळे ऐकत होते. ज्यूल व्हर्न मराठीत आणण्याचे मोठे काम 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांनी केले. त्यांची पुस्तके जुन्या वाचनालयांत अजून सापडतात.

वाचनालयांचा विषय निघालाच आहे तर आपल्या किनाऱ्याचा वारसा विसरू नये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. नवे पुस्तक विकत घेण्याआधी जवळच्या वाचनालयाचे बालविभागाचे कपाट स्वतः उभे राहून पाहावे. तालिकेत नसलेली पुस्तके तिथे हाताला लागतात.

अनुवाद मिळाला नाही आणि पुस्तकाच्या प्रती काढाव्याशा वाटल्या, तर कायदा समजून घ्यावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो, त्यामुळे डिफो, स्टीव्हन्सन, व्हर्न, ट्वेन यांचे मूळ ग्रंथ केव्हाच मुक्त झालेले आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या संकेतस्थळांवरून ते विनामूल्य उतरवून घेता येतात. अनुवादकाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो. शांता शेळके २००२ मध्ये गेल्या, भागवत २००१ मध्ये. त्यांच्या अनुवादांच्या झेरॉक्स काढून वाटणे योग्य नाही. इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर मूळ पुस्तक समोर ठेवून मराठीत सांगत जाणे हा तिसरा मार्ग आहे. त्यासाठी दुपारी प्रकरण एकदा वाचून कठीण वाक्यांच्या कडेला पेन्सिलीने मराठी शब्द लिहून ठेवावेत. ऐनवेळी अडखळलेला वाचक मुलांच्या लगेच लक्षात येतो.

वेळेचे गणित

साधारण आकाराचे छापील मराठी पान मोठ्याने वाचायला अडीच ते तीन मिनिटे लागतात. चाळीस मिनिटांत चौदा-पंधरा पाने होतात, म्हणजे अडीचशे पानांचे पुस्तक सतरा-अठरा रात्रींत संपते. आठवड्यातून पाचच दिवस वाचावे, कारण शनिवार-रविवारी कोणी ना कोणी पाहुणे येतात आणि एक रात्र चुकलेल्या मुलाला पुढचे ऐकायला संकोच वाटतो. या हिशोबाने जून-जुलैत दोन पुस्तके नीट होतात. तिसरे घेण्याचा मोह आवरावा.

या पद्धतीला आपल्याकडे घरचाच आधार आहे. साने गुरुजी मूळचे याच दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या 'श्यामची आई'त प्रकरणे नाहीत, रात्री आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. गोष्ट सांगणारा रोज रात्री थांबतो आणि ऐकणारे दुसऱ्या दिवसाची वाट पाहत उठून जातात. ज्यांना परकीय पुस्तकाची धास्ती वाटते त्यांनी पहिली काही वाचने या पुस्तकातून करावीत. थांबायचे कुठे आणि आवाज किती खाली आणायचा, हे त्यातून आपोआप कळते.

बोटीचे शब्द

समुद्रावरच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद बहुधा शहरात झालेले आहेत आणि त्यांत सगळ्या तरंगत्या वस्तूंना 'जहाज' किंवा 'नौका' म्हटलेले असते. इथल्या मुलांना होडी, पडाव, मचवा, गलबत यांतला फरक ठाऊक असतो. त्यांना शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, नांगर हे शब्द समजावावे लागत नाहीत. वाचताना असे शब्द बेधडक बदलावेत. बंदीच्या काळात एखाद्या जुन्या तांडेलाला वाचनाला बोलावता आले तर फारच उत्तम. शिडावर चालणाऱ्या गलबताचे वर्णन आले की पुस्तक बाजूला ठेवून त्यांना विचारावे, की वारा समोरून असताना बोट पुढे कशी न्यायची. 'ट्रेझर आयलंड'मधला मुलगा शिडाचे जहाज हाकून किनाऱ्याला लावतो, तो भाग आमच्याकडे एका आजोबांनी पाटावर खडूने आकृती काढून समजावला होता.

मोजमापांचेही असेच आहे. आपले कोळी अजून पाण्याची खोली वावांत सांगतात. 'टॉम सॉयर'च्या (१८७६) लेखकाचे खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. मिसिसिपी नदीवर तो आगबोटीचा चालक होता. बुडीद टाकून खोली मोजणारा 'दोन वाव' अशा अर्थाची जी आरोळी देई, तीच 'मार्क ट्वेन' ही आरोळी त्याने टोपणनाव म्हणून घेतली. दोन वाव म्हणजे सुमारे बारा फूट, आगबोटीला पुरेल इतके पाणी. व्हर्नच्या 'समुद्राखाली वीस हजार लीग' या नावावरून मुले हमखास समजतात की पाणबुडी तितकी खोल गेली. लीग हे अंतराचे माप आहे, एक लीग म्हणजे इथे चार किलोमीटर. तेव्हा वीस हजार लीग म्हणजे ऐंशी हजार किलोमीटरचा प्रवास, पृथ्वीच्या परिघाच्या दुप्पट. हा हिशोब मुलांनाच करू द्यावा. त्यानंतर 'मिस्टीरियस आयलंड' वाचायचे असेल तर क्रम उलटा करू नये, कारण पाणबुडीचा कप्तान निमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र होता आणि १८५७ च्या उठावात लढला होता, हे रहस्य व्हर्नने त्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी उघडले आहे.

'ऐंशी दिवसां'चा शेवट मात्र तयारीशिवाय वाचू नये. फिलिअस फॉग पूर्वेकडे प्रवास करत पृथ्वीला वळसा घालतो, पैज हरलो असे समजतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या हाती एक दिवस जास्तीचा उरलेला असतो. हे तोंडी समजावून मुलांच्या गळी उतरत नाही. एक सोललेला नारळ घ्यावा, त्यावर खडूने मुंबई आणि लंडन अशा दोन खुणा कराव्यात, आणि अंधारात बॅटरीचा झोत एका बाजूने टाकावा. नारळ पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू फिरवत एका मुलाचे बोट पूर्वेला सरकवत न्यावे. बोटाला सूर्य दर वेळी थोडा लवकर उगवताना दिसतो. दर पंधरा अंशांना एक तास, आणि ३६० अंश पूर्ण झाले की चोवीस तास. वीज गेलेल्या रात्री हा प्रयोग सर्वांत चांगला होतो.

त्याच कादंबरीत फॉग २० ऑक्टोबरला मुंबईत उतरतो, त्याचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात पादत्राणे घालून शिरतो, आणि पुढे रेल्वेचा रूळ मध्येच संपल्यामुळे त्यांना हत्तीवरून जावे लागते. व्हर्न कधी भारतात आला नव्हता. कथा १८७२ ची आहे आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग तर १८७० मध्येच जोडला गेला होता. अशा चुका पकडणे मुलांना फार आवडते. त्यांना त्या शोधायला सांगाव्यात.

अवघड जागा

जुन्या पुस्तकांत आज टोचणाऱ्या गोष्टी आहेत. क्रूसो गुलाम आणण्यासाठी निघालेल्या सफरीत बुडतो, आणि त्याआधी ज्या मुलाने त्याला संकटात साथ दिली त्यालाच तो साठ नाण्यांना देऊन टाकतो. ट्वेनच्या पुस्तकांत काळ्या माणसांसाठी आणि मूळ अमेरिकनांसाठी हीन शब्द आहेत. व्हर्नच्या सतीच्या प्रसंगात हिंदुस्थानी माणसे बहुतेक सगळी क्रूर किंवा भाबडी दिसतात. हे भाग गुपचूप गाळू नयेत. मोठेपणी मुलांना मूळ पुस्तक सापडते आणि आपल्याला फसवले होते असे वाटते. तिथे थांबावे आणि 'हे याने बरोबर केले का' एवढे विचारावे. उत्तर आपण देऊ नये. शिवी असेल तर ती उच्चारण्याऐवजी 'इथे एक अपमानाचा शब्द आहे' असे सांगितले तरी पुरते.

'रॉबिन्सन क्रूसो' मी दुसऱ्या वर्षी घेतो. जहाज फुटेपर्यंतचा भाग, गुलामांच्या व्यापारासह, स्वतःच्या शब्दांत दोन रात्रींत सांगतो आणि बेटापासून पूर्ण वाचतो. काळाची जाणीव देण्यासाठी एक दुवा उपयोगी पडतो: इंग्रजांचे विजयदुर्गावरचे आणि खांदेरीवरचे हल्ले कान्होजी आंग्रे यांनी १७१७ आणि १७१८ मध्ये परतवले, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हे पुस्तक छापले गेले. बेटावरच्या प्रसंगांत क्रूसोच्या होडीचा प्रसंग इथल्या मुलांना सर्वांत जवळचा वाटतो. तो कित्येक महिने खपून प्रचंड झाडाची होडी कोरतो आणि मग लक्षात येते, की पाणी शंभर यार्डांवर आहे आणि होडी जागची हलत नाही. आमच्याकडे यावर अर्धा तास चर्चा झाली. ओंडके का टाकले नाहीत, भरतीच्या रेषेजवळच झाड का निवडले नाही, चार माणसे असती तर काय झाले असते. एकटेपणाचा अर्थ कुठल्याही स्पष्टीकरणाविना तिथे मुलांना कळला.

जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर'चे (१७२६) पहिले दोन भाग मुलांसाठी पुरेत. चौथा भाग मोठ्यांनी स्वतःसाठी राखून ठेवावा. लिलिपुटची माणसे सहा इंचांची, म्हणजे गलिव्हर त्यांच्या बारापट उंच. मग त्याला जेवण बारा माणसांचे लागेल का? मुले आधी हो म्हणतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारापट धरून १७२८ हा आकडा आला की त्यांचा विश्वास बसत नाही.

पुस्तकांची निगा

कोकणात वाचनाची शेवटची पायरी पुस्तक जपण्याची आहे. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढावे, पुस्तके खच्चून भरू नयेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत, कारण आत कोंडलेल्या दमटपणाने बुरशी लवकर धरते. कसरीसाठी वेखंडाचे तुकडे किंवा सुकलेला कडुनिंब कपड्यात बांधून ठेवावा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नये; पुस्तक आधी वाऱ्यावर सुकवावे आणि मग घराबाहेर नेऊन मऊ कुंचल्याने झाडावे. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणमध्ये ज्यांची पुस्तके भिजली त्यांना ठाऊक आहे, की चिकटलेली पाने ओढून सोडवली तर ती फाटतात. भिजलेले पुस्तक उभे ठेवावे, दर वीस-पंचवीस पानांमागे वर्तमानपत्राचा कोरा कागद घालावा, तो दर काही तासांनी बदलावा, पंखा लांबून लावावा आणि उन्हात टाकू नये, नाहीतर पुठ्ठा वाकतो. वाचनालयातून आणलेली प्रत नारळी पौर्णिमेच्या आत परत करावी. त्यानंतर होड्या पाण्यात लोटल्या जातात आणि ओटीवर कोणी वेळेवर येत नाही.